बाराचा खेळ

"मेला!"

मशीनच्या खोलीचा लोखंडी जिना दणादणा उतरून बन्सी ऑपरेटर खाली आला. धाप लागलेली, तोंड घामानं निथळलेलं. छातीवर हात ठेवून तो पुन्हा म्हणाला, "बिभीषणभाऊ, मेला की वो!"

बिभीषण राळेभात टॉकीजच्या आवारात, लिंबाच्या सावलीला, आपल्या तीनचाकी रिक्षावरचा भोंगा दोरीनं आवळत होता. त्यानं मान वरसुद्धा केली नाही. सवयीनं तोंडातून निघून गेलं, "कुठलं गाव? माती कवा हाय?"

आता त्याला तरी काय बोल लावायचा! उभी हयात रत्नमाला टॉकीजच्या सिनेमांची हाळी देण्यात गेली. पण अलीकडं त्याच भोंग्यातून सिनेमे कमी आणि मयतीच जास्त निघायला लागल्या होत्या. जामखेडात म्हणा, आसपासच्या खेड्यांत म्हणा, कोणी गेलं की घरचा माणूस आधी बांबूच्या मागं पळायचा आणि मग बिभीषणच्या. 'कळवण्यास अत्यंत दुःख होते की' हे त्याला झोपेतून उठवलं तरी न अडखळता म्हणता आलं असतं. सिनेमा कधीमधी एखादा. मरण मात्र हक्काचं. पोटाला काय, दोन्ही सारखंच.

"गाव न्हाई न् शीव न्हाई," बन्सी म्हणाला. "संग्रामकुमार मेला. पिच्चरमधी."

"हां, मग शेवटाला मरत आसंल."

"शेवटाला कशाचा? सुरवातीलाच! आवाज तपासाया पयला भाग लावला. संग्राम घोड्यावरनं उतरतो, पोराच्या डोक्यावर हात ठिवतो, आन् गोळी. म्या चहा वतून ठिवल्ता, त्यो गारबी झाला नव्हता."

"जुळा भाऊ आसंल."

"पुढं पळवून पळवून बघितलं. भिंतीवर फोटो हाय, हार घातल्याला. बास. त्यो पोरगा मोठा हुतो, त्योच हिरो. नवंच कुनीतरी दाढीवालं."

बिभीषणच्या हातातली दोरी सुटली आणि भोंगा तिरका होऊन आभाळाकडं बघायला लागला. तो रिक्षाच्या पायरीवर मटकन बसला आणि समोरच्या भिंतीकडं बघत राहिला. भिंतीवर दोन पुरुष उंचीचा संग्रामकुमार उभा होता. पांढरी दाढी, डोळ्यांत अंगार, खांद्यावर घोंगडी. आणि खालच्या कोपऱ्यात, पाकिटावर तिकीट चिकटवावं तेवढा, तो दाढीवाला पोरगा. पोस्टर पाठवणारा शहाणा कुठंतरी लांब एसीत बसलेला. लोकांचे जोडे त्याला थोडेच बसणार होते!

जोडे बसणार होते बिभीषणला. कारण गेले तीन दिवस जामखेडपासून खर्ड्यापर्यंत गाव न् गाव पालथं घालून तो घसा फोडून सांगत आला होता: "पहिल्या घंटेपासून शेवटच्या पाटीपर्यंत, संग्राम! संग्राम! आणि फक्त संग्राम!"

सिनेमाचं नाव इंग्रजी, लांबलचक. ते त्याच्या जिभेला वळेना, आणि वळवायची गरजही नव्हती. बिभीषणनं जन्मात कधी सिनेमाचं नाव घेऊन माणसं बोलावली नव्हती. नाव घ्यायचं ते नटाचं. लग्नाला आपण नवऱ्यामुलाच्या नावानं जातो, मांडवाच्या नावानं जातो का, असं त्याचं सरळ गणित होतं.

याच गणितावरून त्याचं आणि मालकाचं वाजलं होतं. मालक म्हणजे उझैर, अलीम शेठचा मुलगा. शेठ गेल्यापासून टॉकीज तोच बघत होता. गुणी पोरगा, पण रिकाम्या खुर्च्या बघून बघून पिचलेला. एक फर्निचरवाला टॉकीजच्या जागेसाठी त्याच्यामागं लागला होता. "काका," तो म्हणाला होता, "नटाच्या नावावर आता कुत्रंसुद्धा येत नाही. लोक मोबाईलवर तुकडा बघतात, आवडला तर येतात. संग्रामकुमारचे मागचे तिन्ही पिक्चर आपटले. हा शेवटचा लावतो. नाही चालला तर चावी देऊन टाकतो त्या माणसाला."

आणि बिभीषणला चेव आला होता. "शेठ, मला एकडाव माझ्या पद्धतीनं फिरू द्या. नुसतं संग्रामचं नाव घेतो. टॉकीज भरली न्हाई तर मी भोंगा इहिरीत टाकीन."

टॉकीज रिकामी राहील, याची भीती तेव्हा होती. आता शुक्रवार उजाडला होता, आणि भीती होती ती टॉकीज भरेल याची.

कारण असं आधी एकदा झालं होतं.

तेव्हा बिभीषणच्या मिशीला नुकती धार आली होती. असाच एक मोठा नट, असाच उन्हाळा. लोक लांबलांबून ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरभरून आले होते. आणि अगदी शेवटाला, आईच्या मांडीवर डोकं ठेवून, तो नट मेला. मेला तो मेला! आधी हुंदके ऐकू आले, मग शिव्या, मग खुर्च्यांचे पाय मोडल्याचा आवाज. पडद्याला कोणीतरी विळा लावला. दारात बिभीषण सापडला. "मेल्याला बगाया बोलावलं व्हय रं आमाला?" म्हणत बायकांनीसुद्धा त्याला वहाणांनी बडवला. डाव्या कानानं तेव्हापासून त्याला नीट ऐकू येत नाही. अलीम शेठ मोठा धोरणी माणूस. दुसऱ्या दिवसापासून त्यानं शेवटचं रीळ लावायचंच बंद केलं. नट जिवंत, आई हसतीये, तिथंच दिवे लागायचे. तो सिनेमा मग असा चालला की विचारू नका. जामखेड तालुक्यातल्या कितीतरी लोकांच्या लेखी तो नट त्या सिनेमात अजून जिवंत आहे.

"बन्सी, कापता येत न्हाई का रं?" बिभीषणनं विचारलं. "तेवढी गोळी?"

"काय कापता! रीळ ऱ्हायलंय का आता? समदं कॉम्प्युटरच्या डब्यात बंद. वरनं कुलूप, त्याची चावीबी मुंबईत."

बिभीषणनं घरी फोन लावला. बायकोनं, गोजरबाईनं, सगळं ऐकून घेतलं. "आवं, मग तुमी दाराशी हुबं राहूच नका. पोटात दुकतंय म्हना आन् निघून या. त्या टायमाचं इसरला का? हळद लावता लावता माझं हात पिवळं झालं हुतं."

"हुबं तर राहावंच लागतंय."

"कुनी सांगितलंय? शेठ गेलं त्येंच्यासंगं गेली ती रीत!"

पण रीत गेली नव्हती. अलीम शेठचा तो दंडक होता: पहिला खेळ सुटताना हाळी देणाऱ्यानं बाहेरच्या दारात उभं राहायचं. "आवतन तू दिलंस, मग निरोपालाबी तूच," शेठ म्हणायचे. सिनेमा आवडला तर लोक बिभीषणच्या हातात गुळाचा खडा, मूठभर हुरडा, काहीबाही ठेवून जायचे. नाही आवडला तर तोंडावर सांगून जायचे. मार खाल्ल्याच्या दुसऱ्या दिवशीही शेठनं त्याला तिथंच उभं केलं होतं. फक्त स्वतः त्याच्या शेजारी खांद्याला खांदा लावून उभे राहिले होते. त्या एका गोष्टीवर बिभीषणनं आख्खी नोकरी काढली. आज मात्र शेजारची जागा रिकामी होती.

त्यानं उठून उझैरला गाठलं. उझैर तिकिटाच्या खिडकीत बसून मोबाईलवर बोट सरकवत होता.

"शेठ, मी दारावर भोंगा लावून सांगून टाकतो. संग्राम थोडाच टाइम हाय म्हनून. लोक येतील तर येतील."

उझैरनं मोबाईल खाली ठेवला. "काका, हात जोडतो. पहिल्याच खेळाला असं सांगितलं तर दुसरा खेळ होणारच नाही. मलाही आत्ताच कळलंय. मी काय मुद्दाम फसवलंय का कोणाला?"

"मार मला बसंल, शेठ."

"कोणी मारत नाही हो. ते दिवस गेले."

"शेठ, मानूस त्योच हाय."

उझैरनं टेबलाखालची पत्र्याची गल्ल्याची पेटी उचलून आतल्या कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं. म्हणजे उझैरलाही भीती होतीच. बिभीषणची भीती त्यानं दुप्पट झाली.

आणि लोक यायला लागले.

आधी कॉलेजची पोरं, एकेका मोटरसायकलवर तिघं तिघं. मग पोरींचा एक घोळका. मग बाजारपेठेतली माणसं, दोन-चार संसार, लेकुरवाळ्या बाया. ज्वारी काढून झालेली, हाताला काम नाही, ऊन असं की डांबर चिकटावं. बघता बघता आवार भरलं. एरवी बिभीषणनं प्रत्येकाला हात केला असता, "या या, बसा फुडं," म्हणाला असता. आज तो एकेकाच्या हाताकडं बघत होता. कोणाची मनगटं दांडगी, कोणाच्या पायात जाड वहाणा. माझ्या तोंडाच्या शब्दावर आले रे हे सगळे, असं त्याच्या मनात येई. तीन वेळा तो माठाकडं गेला आणि तिन्ही वेळा पाणी प्यायचं विसरून परत आला.

तेवढ्यात फाटकातून कडूबाई आली.

कडूबाई खर्ड्याची. वाकलेली, पण खणखणीत म्हातारी. काल तिच्या गल्लीत बिभीषणची रिक्षा शिरली तशी सगळ्या बाया डोक्यावर पदर घेऊन उंबऱ्यात आल्या होत्या. भोंगा ऐकला की कोणी गेलं, हेच आता लोकांना ठाऊक. कडूबाई तर थेट रिक्षाला आडवी झाली होती. "कोन गेलं रं बिभीषणा?"

"कुनी न्हाई मावशे! संग्राम येतोय!"

"संग्राम? त्यो अजून हाय व्हय?" म्हातारीच्या तोंडावर जे हसू फुटलं होतं! तिचा मालक सहादेव या संग्रामचा असा भक्त, की त्याच्यासारखा गळ्यात रुमाल बांधून बैल धुवायचा. नवरा-बायकोनं संग्रामचा एक सिनेमा कधी चुकवला नव्हता. मागच्या साली सहादेव गेला, तेव्हा भोंगा बिभीषणनंच फिरवला होता. "हे गेल्यापासून गावाबाहेर पाऊल न्हाई टाकलं बघ," ती म्हणाली होती. "पन तू म्हनतोस तर येते. लई येळ हाय ना त्यो?"

"पयल्या घंटेपासून शेवटच्या पाटीपर्यंत!" बिभीषणनं छाती फुगवून सांगितलं होतं.

आता तीच कडूबाई एसटीनं येऊन, ठेवणीतलं लुगडं नेसून, हातात भाकरीचं फडकं घेऊन समोर उभी होती. बिभीषण पुढं धावला.

"मावशे, आज नगं. लई गर्दी हाय. उद्या ये, मी सोता न्यायला येतो."

"आँ? काल आवतन दितोस आन् आज दारातनं हाकलतोस?"

"तसं न्हवं. ऊन हाय. चक्कर येईल तुला."

"आरं, उनात खुरपून पाठ वाकली माझी! सर बाजूला." तिनं त्याला हातानं बाजूला सारलं. मग डोळे बारीक करून त्याच्याकडं बघितलं. "काय झालंय रं? तोंड का उतारलंय?"

सांगावं! जिभेच्या टोकाशी आलं होतं. पण मागं खिडकीत उझैर बघत होता, भोवती माणसं होती. "काई न्हाई," बिभीषण म्हणाला. "जा. फुडं पंख्याखाली बस."

घंटा झाली. दिवे गेले. बिभीषण मागच्या दाराच्या पडद्याआड उभा राहिला. आत शिरलेल्या माणसाला बाहेर पळायला वाट हवी म्हणून त्यानं दाराचा अडसर आधीच काढून ठेवला होता. ती वाट लोकांसाठी होती की स्वतःसाठी, हे त्याचं त्यालाच ठाऊक.

पडद्यावर धूळ उठली. घोडा आला. घोड्यावरून संग्रामकुमार उतरला.

पूर्वी या क्षणाला टॉकीजचं छप्पर उडायचं. चिल्लर उधळली जायची, शिट्ट्यांनी कानठळ्या बसायच्या. बिभीषण कान देऊन उभा राहिला. एक टाळी वाजली. पुढं पंख्याखालून, एकटीच. म्हातारी, सुरकुतलेल्या हातांची टाळी. मग तीही थांबली.

संग्रामनं पोराच्या डोक्यावर हात ठेवला. बिभीषणनं डोळे गच्च मिटले आणि दाराची कडी दोन्ही हातांनी धरली. गोळी सुटली. घोडा खिंकाळला. आता. आता पहिली शिवी येईल. आता खुर्ची मोडेल. त्याच्या डाव्या कानात जुना ठणका उठला. "देवा, जीवावर नगं बेतू दिऊ," तो ओठांतल्या ओठांत म्हणाला.

काही झालं नाही.

त्यानं एक डोळा उघडला. मग दुसरा. अंधारात मांडीमांडीवर मोबाईल उजळले होते. पडद्यावर संग्रामच्या छातीतून रक्त वाहत होतं आणि मागच्या रांगेतला एक पोरगा शेजाऱ्याला विचारत होता, "ए, ते गाणं कधी आहे रे?"

"आहे अजून वेळ. हे म्हातारं मरू दे आधी."

म्हातारं मेलं. चिता पेटली. कोणीतरी वेफर्सची पुडी टरकन फाडली.

बिभीषण भिंतीला टेकला. अंगातून घामाचे ओघळ वाहत होते. वाचलो, असं त्याला वाटायला हवं होतं, आणि वाटलंही. पण वाटलं न वाटलं तोच दुसरीच गोष्ट त्याच्या ध्यानात आली. माणसं रागावली नव्हती. त्यांचं काही गेलंच नव्हतं.

मग ते गाणं आलं. सगळ्या मोबाईलवर महिनाभर वाजत असलेलं, एका पोरीच्या नाचाचं. कसली पोरगी आणि कसला नाच, बिभीषणला काही कळेना. पण आख्खी टॉकीज उठून उभी राहिली. पोरं खुर्च्यांवर चढली, पडद्यापुढं जाऊन नाचायला लागली, हातातले मोबाईल वर करून त्या नाचाचेच फोटो काढायला लागली. तो दाढीवाला हिरोसुद्धा कोणाच्या लक्षात नव्हता. उझैर धावत आत आला आणि त्यानं अंधारातच बिभीषणला मिठी मारली. "काका! चाललं! बघा, चाललं! संध्याकाळच्या खेळाची तिकिटंसुद्धा उचलली पोरांनी!"

"चावी न्हाई ना देत मग?"

"कसली चावी! वर्ष निघालं आपलं!"

मध्यंतर झालं. बिभीषण पुढं गेला. सगळे चहा-वड्याला बाहेर पळालेले; पंख्याखाली एकटी कडूबाई मांडीवर फडकं सोडून भाकरी खात बसलेली.

"बस," ती म्हणाली. "शेंगदान्याची चटनी हाय. घे कोर."

"नगं मावशे."

"निम्मं झालं न्हवं? आता येईल बघ त्यो." तिनं पडद्याकडं मान केली. "आसं लई डाव झालंय. गोळी लागती, नदीत पडतो, समद्यांना वाटतं मेला. आन् मग येतो. आमचं हे म्हनायचं, संग्राम मरत नसतो, दम खात असतो."

बिभीषणच्या मनात आलं, चितेवर ठेवलं मावशे त्याला, तू बघितलंस की. नदी कुठली आता! पण म्हातारीचे डोळे असे लुकलुकत होते, की त्यानं मान खाली घातली. "बगू की," एवढंच म्हणाला आणि तिथून पळाला.

शेकडो माणसांची भीती कुठल्या कुठं गेली होती. आता सगळी भीती या एका म्हातारीवर येऊन गोळा झाली. तिच्या वहाणांना तो भीत नव्हता. खेळ सुटल्यावर ती त्याच्याकडं बघेल, त्या बघण्याला भीत होता. मार परवडला. मार खाऊन माणूस मोकळा तरी होतो.

शेवटची पाटी पडली. बिभीषण बाहेरच्या दारात जाऊन उभा राहिला. टोपी सरळ केली, हात जोडले. लोंढा बाहेर आला. पोरं ते गाणं गुणगुणत होती, मोबाईलमध्ये बघत होती, एकमेकांना टपला मारत होती. कोणी त्याच्याकडं बघितलं नाही. गूळ नाही, हुरडा नाही, शिवीही नाही. "काका, जरा साइडला घ्या," एक पोरगा म्हणाला, आणि बिभीषण साइडला झाला.

मागून उझैर आला. खुशीत होता बिचारा, त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. "काका, आता उन्हातान्हात नका फिरू. भोंग्याचं काम नाही राहिलं या पिक्चरला. पोरंच मोबाईलवर टाकतायत. तुम्ही आराम करा." आणि तो पुन्हा खिडकीकडं पळाला.

सगळ्यात शेवटी कडूबाई बाहेर आली. भिंतीला धरून, हळूहळू. उन्हात आल्यावर डोळ्यांवर हात धरून तिनं भिंतीवरच्या त्या दोन पुरुष उंच चेहऱ्याकडं बघितलं. मग बिभीषणसमोर येऊन उभी राहिली.

"न्हाई आला," ती म्हणाली.

"न्हाई मावशे."

"मेलाच म्हन की खराखरा."

"व्हय."

बिभीषणनं मान खाली घातली. जोडलेले हात तसेच होते. "मावशे, मला ठावं हुतं. सकाळीच कळालं. सांगाया जीभ रेटली न्हाई. शिव्या दे. मार पायजे तर."

कडूबाई पदरानं तोंड पुसत म्हणाली, "तुला मारून काय त्यो उठनार हाय? मला काय वाटलं सांगू? मरना बापडा. समदीच मरत्यात. पन येवढी मानसं हुती आत, आन् एक कुनी रडलं न्हाई रं! शेजारची पोरगी खात हुती. आमचं हे गेलं तवा गाव लोटलं हुतं. तूच बोलावलं हुतंस की."

बिभीषणच्या डोळ्यांतून पाणी आलं. इतका वेळ भीतीनं अडवून धरलेलं सगळं तिथंच, टॉकीजच्या दारात, बाहेर पडलं. साठीचा माणूस, पोरासारखा हुंदके द्यायला लागला. कडूबाईनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. संध्याकाळच्या खेळासाठी आलेली दोन पोरं लांबून बघत उभी राहिली आणि मग आत निघून गेली.

"चल मावशे," तो शेवटी नाक पुसत म्हणाला, "तुला घरला सोडतो."

रिक्षा खर्ड्याच्या रस्त्याला लागली. भोंगा तसाच वर, आभाळाकडं तोंड करून. आज त्यानं माईक हातात घेतला नाही. उन्हं कलत होती, दोन्ही अंगांना काढलेल्या ज्वारीची रानं उघडी पडली होती. कडूबाई मधूनच संग्रामच्या एखाद्या जुन्या सिनेमातला प्रसंग सांगे. सांगता सांगता तो प्रसंग सहादेवाचा होऊन जाई. कुठं बैल बुजला होता, कुठं पावसात दोघं एकाच पोत्याखाली बसले होते. बिभीषण उजवा कान मागं करून ऐकत होता. त्याला आता कशाची भीती वाटत नव्हती, आणि तेच त्याला चमत्कारिक वाटत होतं.

किल्ल्याचा बुरूज दिसला. गावाच्या तोंडाशी पारावर चार म्हातारी माणसं बसली होती. भोंग्याची गाडी आणि तीही मुकी आलेली बघून त्यांतला एक काठी टेकत उठला आणि रस्त्यावर आला. बिभीषणला थांबावंच लागलं.

"कोन गेलं वो, बिभीषणभाऊ?"

बिभीषणनं तोंड उघडलं, पण त्याच्या आधी मागून कडूबाईच बोलली.

"हाय एक. आमच्या ह्यांच्या लई जवळचा हुता."

"आरारा! माती कवा हाय मग?"

"झाली दुपारीच. जामखेडला."

"मानसं हुती का?"

"मानसं लई हुती," कडूबाई म्हणाली. "मातीला आमी दोघंच."

म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि गाडीला वाट दिली.